सल्लागाराची खुर्ची

तृतीय वर्षाच्या पहिल्याच तासाला अर्थशास्त्राच्या सरांनी एकेकाला उभे करून विचारले, "पुढे कोण होणार?" प्रश्न इंग्रजीत होता, त्यामुळे उत्तरेही इंग्रजीतच देणे भाग होते. चार्टर्ड अकाउंटंट होणारे अकरा निघाले, बँकेत जाणारे चौदा, आणि वडिलांचे दुकान सांभाळणारे तीन. एका पठ्ठ्याने "सर, आधी पास होणार" असे सांगून हशा मिळविला. माझी पाळी आली तेव्हा काय झाले कोण जाणे, मी बोलून गेलो, "सर, दिल्लीला मंत्रालयात आर्थिक सल्लागार होणार." क्षणभर वर्ग गप्प झाला, आणि मग जो हशा उसळला त्यापुढे पास होणाऱ्याचा हशा काहीच नव्हता. मागच्या बाकावरून कोणीतरी कन्नडमध्ये म्हणाले, "आधी आमच्या मेसचं बिल कसं कमी करायचं, ते सांग म्हणावं!"

सर मात्र हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "त्या खुर्चीत बसणारा माणूस काय काम करतो हे तुला माहीत आहे का? माहिती काढ, आणि लिहून आण."

हा लेख म्हणजे ती लिहून आणलेली माहिती. पण लिहिता लिहिता ती निव्वळ माहिती राहिली नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

आपल्या भागात मंत्रालय म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे मुंबई येते, कोणाच्या बंगळूर. मी म्हणतो ती खुर्ची दिल्लीची, आणि ती एक नसून दोन आहेत. एक अर्थ मंत्रालयातील मुख्य आर्थिक सल्लागाराची. तिचेच नाव वर्तमानपत्रात येते. दुसरी वाणिज्य व उद्योग मंत्रालयातील आर्थिक सल्लागाराची. तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही, पण कॉमर्सच्या विद्यार्थ्याला तीच अधिक जवळची वाटावी.

इंग्रजी अमदानीत, १९३८ साली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक थिओडोर ग्रेगरी हे हिंदुस्थान सरकारचे आर्थिक सल्लागार म्हणून आले. १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. मधल्या काळात दुसरे महायुद्ध पेटले आणि भाव भडकले. किती भडकले हे नेमके सांगायचे, तर कोठून मोजायचे ते आधी ठरवावे लागते. तेव्हा १९ ऑगस्ट १९३९ रोजी संपलेला आठवडा, म्हणजे युद्धाच्या तोंडावरचा शांततेचा आठवडा, १०० धरला गेला, आणि जानेवारी १९४२ पासून आर्थिक सल्लागाराच्या कार्यालयातून घाऊक किमतींचा निर्देशांक निघू लागला. पुढे पायाचे वर्ष अनेकदा बदलले. २०११-१२ हे पायाचे वर्ष धरून जी मालिका मे २०१७ मध्ये सुरू झाली, तिच्यात ६९७ वस्तू होत्या. शंभरात कारखानी मालाचा भार ६४.२३, शेतमाल व खनिजे यांसारख्या प्राथमिक वस्तूंचा २२.६२, आणि इंधन व वीज यांचा १३.१५. आम्ही हे आकडे परीक्षेसाठी पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण मला ते विसरता येईनात, कारण असा एक निर्देशांक आमच्या घरातच होता.

माझे आजोबा रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात अडतीस वर्षे दिवाणजी होते. कीर्द-खतावणी त्यांच्या हातची. शिवाय त्यांची स्वतःची एक काळ्या पुठ्ठ्याची वही असे. रोज संध्याकाळी दुकान बंद होण्यापूर्वी गूळ, बटाटा, रताळी, मिरची, ज्वारी यांचे त्या दिवशीचे भाव ते तीत उतरवून ठेवीत. ते काम कोणी सांगितलेले नव्हते, त्याचा पगारही नव्हता. गोकाक-बैलहोंगलकडचा शेतकरी आला की "बर्री, कूड्री" म्हणून त्याला बसवीत, खानापूर-चंदगडकडचा आला की "या, बसा" म्हणत. दोघेही जाताना हमखास विचारीत, "दिवाणजी, माल आज काढू की थांबू?" आजोबा वही उघडून गेल्या तीन वर्षांचा त्याच पंधरवड्याचा भाव वाचून दाखवीत. त्यांचा रिवाज असा की आकडा आधी सांगायचा, मत मागाहून. मराठीत आपण सल्ला म्हणतो, कन्नडमध्ये सलहे म्हणतात. शब्द एकाच घरचे, आणि आजोबांच्या ओट्यावर त्यांची किंमतही एकच होती.

आता अर्थ मंत्रालयातील खुर्चीकडे वळतो. स्वतंत्र भारतात मुख्य आर्थिक सल्लागार म्हणून पहिले नाव येते ते १९५६ साली जे. जे. अंजारिया यांचे. पुढे याच खुर्चीत १९७२ ते १९७६ या काळात डॉ. मनमोहन सिंग बसले होते. त्याआधी १९७१ मध्ये ते विदेश व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार होते. १९९१ मध्ये ते अर्थमंत्री झाले, म्हणजे सल्ला देणाऱ्यालाच निर्णयावर सही करण्याचा अधिकार मिळाला. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांनी टिपणे लिहावयाची, आकडे मांडावयाचे, दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी संसदेत ठेवली जाणारी आर्थिक पाहणी तयार करावयाची, आणि बाजूला व्हावयाचे. सही मंत्र्याची. कौतुक झाले तर मंत्र्याचे, आणि बोभाटा झाला तर मात्र "सल्लागार काय करीत होते?" असा प्रश्न.

मानणे न मानणे सर्वस्वी वरच्याच्या हाती. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत, अरविंद सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, प्रत्येक नागरिकाला सरकारने किमान उत्पन्न द्यावे काय, यावर एक संपूर्ण प्रकरण होते. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी अंदाजपत्रक आले, त्यात ती योजना नव्हती. सल्लागाराने त्याबद्दल रुसायचे नसते, हा त्या खुर्चीचा पहिला नियम असावा.

तसे हे दुःख जुनेच. महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला काय कमी सांगितले? राजाने सारे ऐकून घेतले, मान हलविली, आणि व्हायचे ते होऊ दिले. आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकार व व्यापारी यांच्याविषयी एक प्रकरण लिहिले. सावकारांमुळे परमुलुखाचा माल राज्यात येतो आणि अडचणीला कर्ज मिळते, म्हणून त्यांना जपावे. पण समुद्रावरून येणारे टोपीकर हे नुसते व्यापारी नव्हेत, त्यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नयेत, अशी सावधगिरीची सूचना त्यांनी देऊन ठेवली. पुढे काय झाले ते इतिहासाच्या पुस्तकात आहे.

पण मला सर्वांत जास्त विचार करावयास लावले ते प्रा. बी. आर. शेणॉय यांनी. ते आपल्या पश्चिम किनाऱ्याचे. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा विचार करण्यासाठी अर्थतज्ज्ञांचे एक मंडळ नेमले होते. अध्यक्ष होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, आणि सभासदांत धनंजयराव गाडगीळ, व्ही. के. आर. व्ही. राव अशी मातब्बर मंडळी. योजनेचा आकार मोठा असावा, थोडी तुटीची अर्थव्यवस्था सोसावी, असा एकूण कौल पडला. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका लिहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की देशाची बचत आहे तेवढीच. तिच्याबाहेर जाऊन नवा पैसा निर्माण करून योजना रेटली तर भाव चढतील आणि परकीय चलन आटेल. योजना १९५६ मध्ये सुरू झाली. दोन वर्षांतच परकीय चलनाची टंचाई एवढी झाली की १९५८ मध्ये भारताला मदत करणाऱ्या देशांची बैठक जागतिक बँकेला बोलवावी लागली. शेणॉय सर्वस्वी बरोबर होते की नाही यावर जाणकारांत अजून वाद आहे, आणि तो सोडविण्याची माझी पात्रता नाही. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. खोलीत एवढी मोठी माणसे बसली आहेत, सगळ्यांचे एकमत आहे, आणि एक माणूस म्हणतो, "मला हे पटत नाही, माझे वेगळे लिहून घ्या." त्या क्षणी त्यांच्या घशाला कोरड पडली नसेल काय?

मला हा प्रश्न पडतो त्याला कारण आहे. त्याआधी आजोबांची एक गोष्ट सांगतो.

१९८७ सालची गोष्ट. मालकांनी उन्हाळ्यात गुळाच्या ढेपा भरमसाट घेऊन वखारीत रचल्या. श्रावण-भाद्रपदात सणांमुळे भाव चढेल, तेव्हा काढू, हा हिशेब. आजोबांनी वही पुढे ठेवली. म्हणाले, "मालक, मृगाच्या आत निम्मा तरी काढा. आपल्याकडचा पाऊस, गूळ पाघळतो. भाव चढतो हे खरं, पण ढेपेचा रंग उतरल्यावर तो भाव आपल्याला मिळत नाही." मालक हसून म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही फार भित्रे." त्या वर्षी पाऊस लागला तो लागला. वखारीच्या फरशीवरून काळा पाक वाहिला, मुंग्यांनी रांगा लावल्या. गणपतीपर्यंत निम्मा माल गुरांच्या पेंडीबरोबर विकावा लागला. तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर विचारले, "दिवाणजी, तुम्हाला एवढं कळत होतं तर जोर लावून का नाही सांगितलंत?" आजोबा म्हणाले, "मालक, सांगणं माझं होतं. जोर तुमच्याकडं."

ही गोष्ट आमच्या घरी वडील, काका, आत्या सगळ्यांना पाठ आहे. आजोबा गेले त्याला तीन वर्षे झाली. त्यांच्या पश्चात ट्रंक आवरताना त्या सालची काळी वही मला सापडली. वैशाखातल्या एका पानावर भावांच्या खाली पेन्सिलीने एकच ओळ होती: "गूळ काढण्याविषयी मालकांस सांगितले. मानले नाही." ही वही त्यांनी गणपतीत मालकांपुढे टाकली असती तर त्यांचा शब्द खरा ठरला असता. त्यांनी ती टाकली नाही. दुसऱ्या दिवशीचे भाव नेहमीसारखे उतरविले आहेत.

आता माझी गोष्ट.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत काका आमच्याकडे आले. बेळगावचा भाजीपाला रात्री भरायचा, चोर्ला घाटाने पहाटे गोव्यात उतरवायचा, यासाठी त्यांना जुना टेंपो घ्यायचा होता. आईने चहा ठेवला. काका मला म्हणाले, "तू कॉमर्सला आहेस की रे. हिशेब करून सांग बघू, घेऊ की नको?" घरातल्या कोणी मला पहिल्यांदाच असे काही विचारले होते. मी मोठ्या ऐटीत कॉस्टिंगच्या वहीचे शेवटचे पान उघडले. चार लाख कर्ज, दरसाल दर शेकडा अठरा व्याज, छत्तीस हप्ते. हप्ता बसत होता सुमारे साडेचौदा हजारांचा. काकांच्या मते महिन्याला सव्वीस खेपा होणार आणि प्रत्येक खेपेला आठशे रुपये सुटणार. मी डिझेल, हमाली, टायर, दुरुस्ती असे एकेक लिहीत गेलो. घाट पावसाळ्यात कधी बंद असतो, माल कधी मिळत नाही. वीस खेपांच्या वर काही जाईना, आणि खेपेला सहाशेच्या वर काही सुटेना. म्हणजे बारा हजार. हप्त्यालाच अडीच हजार कमी, घरखर्च तर राहोच.

मी मान वर केली. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी विसार आधीच दिलेला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. सल्ला विचारायला येणारा माणूस पुष्कळदा निर्णय करूनच आलेला असतो, हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते, त्या दिवशी पाहिले. मी वही मिटली आणि म्हणालो, "जमेल काका."

काका खूश झाले. खिशातून पन्नासाची नोट काढून "फी घे तुझी" म्हणाले.

जुलैत घाट दोनदा बंद झाला. ऑगस्टपर्यंत तीन हप्ते थकले. ऑक्टोबरात फायनान्सची माणसे येऊन टेंपो घेऊन गेली. आता काका दुसऱ्याच्या टेंपोवर रोजाने जातात. दिवाळीत आमच्या कट्ट्यावर बसले असता त्यांनी सहज विचारले, "खरं सांग, तुला तेव्हाच कळलं होतं काय रे?" मी म्हणालो, "नाही काका." ते म्हणाले, "तू तरी काय करणार, तू पोर."

आजोबांनी सांगितले आणि मालकांनी ऐकले नाही. काकांनी विचारले आणि मी सांगितले नाही. आजोबांची चूक कोणी काढू शकत नाही. माझी चूक काढायला कोणाला ती ठाऊकच नाही.

सरांनी सांगितल्याप्रमाणे त्या खुर्चीपर्यंतची वाटही शोधून काढली. भारतीय आर्थिक सेवा १ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. तिला बी. कॉम. पुरत नाही, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. सहायक संचालकापासून आरंभ, आणि वर्षांमागून वर्षे गेली व नशिबाने साथ दिली तर आर्थिक सल्लागार, वरिष्ठ आर्थिक सल्लागार. सर्व पेपर इंग्रजीतूनच लिहावे लागतात. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. दहावीपर्यंत माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले. "डिमांड" आणि "मागणी" या एकाच वस्तू आहेत हे कळायला मला अकरावीचा निम्मा काळ लागला होता. मग मनमोहन सिंगांविषयी वाचले की हिंदी भाषणेसुद्धा ते उर्दू लिपीत लिहून घेत, कारण शाळेत तीच लिपी शिकले होते. तेव्हा थोडा धीर आला. भाषा शिकता येते. वर्गातले कन्नड मित्र माझ्याशी इंग्रजी बोलताना चुकतात आणि मीही चुकतो, आणि आमचे दोघांचेही चालले आहे.

पण "जमणार नाही काका" हे तीन शब्द इंग्रजीतले नव्हते. ते माझ्या आईच्या भाषेतले होते, समोरचा माणूस मला खांद्यावर घेऊन यात्रेत हिंडविणारा होता, आणि हिशेब वहीत तयार होता. तरी मला ते उच्चारता आले नाहीत. मग मंत्र्यापुढे, सचिवांपुढे, भरल्या बैठकीत मी काय बोलणार होतो? वर्ग हसला तो माझ्या इंग्रजीला किंवा माझ्या महत्त्वाकांक्षेला हसला असेल. खरी हसण्यासारखी गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

हा लेख मी सरांना दाखविला. ग्रेगरी, शेणॉय, निर्देशांक, भार यांवर ते काही बोलतील म्हणून मी उभा होतो. त्यांनी कागद परत देत एवढेच विचारले, "हे काकांना सांगितलंस का?"

नाही सांगितले. म्हणून ठरविले आहे की अंक छापून आला की पहिली प्रत काकांकडे घेऊन जायची. त्यांना वाचायला वेळ नसतो, तेव्हा मीच वाचून दाखवीन. कॉस्टिंगच्या वहीचे ते शेवटचे पान मी फाडलेले नाही. तेही बरोबर नेईन. आकडा आधी सांगेन आणि मत मागाहून. ते रागावतील, कदाचित काही दिवस आमच्याकडे येणार नाहीत. पण पुढच्या खेपेला कोणाला काही विचारावेसे वाटले तर मला विचारावे की नाही, हे त्यांना ठरविता येईल.

एम. ए. चा अर्ज त्यानंतर भरीन.